रोग्याची वही आणि नर्सबाईची वही

आज गोष्ट सांगायची आहे ती वह्यांची. बचत गटात वही म्हटलं की कुणालाच नवल वाटत नाही. बचतीची वही, कर्जाची वही, हजेरी, प्रोसिडिंग. वहीत जे येतं त्यावर बँक विश्वास ठेवते आणि वहीत जे येत नाही ते झालंच नाही असं धरलं जातं, हे आपण आता पुरतं शिकलोय. दवाखान्याचंही तसंच असतं. रोगी किती आले, किती बरे झाले, किती दगावले, हे मोजायची वही कुणी आणि कशासाठी धरली? आणि ज्या बाया रात्रंदिवस रोग्याचं करतात त्यांचं पुढं काय होतं, ही वही कुणी लिहिली? पहिली वही दीडशे वर्षांहून जुनी आहे. दुसरी फार उशिरा आली, आणि आपल्या गावापर्यंत तर ती अजून पोचायचीच आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलंय. हातात दिवा घेऊन रात्री सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई, एवढंच चित्र डोळ्यापुढं असतं. त्या चित्रात तिची वही दिसत नाही, आणि माझ्या मते तीच खरी महत्त्वाची.

१८५४ साली इंग्लंड आणि रशियाचं क्रिमियात युद्ध चाललं होतं. जखमी आणि आजारी इंग्रज सैनिकांना जहाजानं तुर्कस्तानात, इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या दवाखान्यात आणत. नोव्हेंबरमध्ये नाइटिंगेलबाई ३८ जणींना घेऊन तिथं पोचल्या. धुतलेले कपडे, गरम अन्न, जखमा पुसायला स्वच्छ कापड, घरी लिहायला कागद, सगळं त्यांनी उभं केलं. सेवा कुठं कमी पडली असं कुणी म्हणू शकलं नसतं. तरी त्या हिवाळ्यात तिथली माणसं मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर दवाखान्यातल्या दर शंभर रोग्यांमागे ४२ दगावले.

मार्च महिन्यात सरकारनं स्वच्छतेचं पथक पाठवलं. इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, पाण्याची वाट साफ केली, भिंतींना चुना मारला, हवा खेळती केली. जूनपर्यंत शंभरातले मृत्यू दोनावर आले. आता तुम्हीच विचार करा. रोग्याजवळ बसणारी बाई तीच होती, माया तीच होती. गटार मात्र बदललं. ती इंग्लंडला परतली आणि विल्यम फार नावाच्या आकडेतज्ज्ञाबरोबर बसून तिनं सगळे आकडे मांडले, तेव्हा दिसलं की लढाईच्या जखमांनी जेवढे मेले त्याच्या कितीतरी पट रोगराईनं मेले. हे राणीच्या दरबारातल्या लोकांना कळावं म्हणून तिनं १८५८ मध्ये एक गोल आकृती छापली, फुलाच्या पाकळ्यांसारखी, दर महिन्याला एक पाकळी. निळा रंग रोगानं मेलेल्यांचा, तांबडा जखमांनी मेलेल्यांचा. निळ्या पाकळ्या पार कागदाबाहेर जातील इतक्या मोठ्या. त्याच वर्षी इंग्लंडच्या संख्याशास्त्र संस्थेनं तिला सभासद करून घेतलं. त्या संस्थेतली ती पहिली बाई.

जाता जाता सांगते, ही बाई हिंदुस्थानात कधी आली नाही. पण आपल्याकडच्या खेड्यांतलं पाणी आणि सांडपाणी यावर तिनं वर्षानुवर्षं लिहिलं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता.

आता तिच्या वहीतला एक घोळ सांगते. तो आपल्या फार कामाचा आहे. सैन्यातून सुटल्यावर ती साध्या दवाखान्यांच्या मागं लागली. प्रत्येक दवाखान्यानं एकाच नमुन्यात नोंद ठेवावी, किती आले, कोणता रोग, किती बरे झाले, किती वारले, म्हणजे एकमेकांशी ताडून बघता येईल, असा तिचा आग्रह. मागणी रास्तच होती. १८६३ साली दवाखान्यांवरच्या तिच्या पुस्तकात फारसाहेबांनी केलेला एक तक्ता छापला. त्यात लंडनच्या २४ दवाखान्यांचा मृत्यूचा आकडा होता शेकडा ९०.८४. म्हणजे शंभरातले नव्वद मेले! डॉक्टर लोक खवळले, आणि त्यांचं खवळणं बरोबर होतं.

झालं काय होतं? वर्षभरात जेवढे मेले त्या आकड्याला एका ठराविक दिवशी दवाखान्यात जेवढे रोगी होते त्या आकड्यानं भागलं होतं. आपल्या हिशोबात बघू. समजा शंभर खाटांचा दवाखाना आहे. एका दिवशी शंभर रोगी असतात. पण वर्षभरात येऊन-जाऊन हजार होतात. त्यातले नव्वद वारले. हजाराला नव्वद म्हणजे शंभरात नऊ. पण तेच नव्वद एका दिवसाच्या शंभराला लावले की शंभरात नव्वद! वरचा आकडा तोच, खालचा बदलला की चांगला दवाखाना खाटीकखाना दिसायला लागतो. कर्जफेडीच्या टक्क्यात खाली काय धरायचं, या महिन्याचं येणं की एकूण बाकी, यावरून आपल्या प्रभागात किती वाद होतात ते आठवा.

पण तायांनो, डॉक्टर सांगत होते त्या मोजणीतही एक पळवाट होती. रोगी मरायला टेकला की घरी पाठवून द्यायचा. दवाखान्याच्या वहीत मृत्यू नाही, तो घरच्या ओसरीवर होणार. हे काही फक्त लंडनचं नाही. ‘आता घरी घेऊन जा, सेवा करा’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. म्हणून पुढं पुढं अभ्यासकांनी ठरवलं, रोगी कुठंही असो, भरती झाल्यापासून तीस दिवसांत जिवंत आहे का तेवढं बघायचं. ही सुधारणा साधी वाटते, पण तिच्यामुळं फसवाफसवी अवघड झाली.

अमेरिकेत बोस्टनला कॉडमन नावाचे सर्जन होते. ते म्हणायचे, रोग्याला घरी सोडलं म्हणजे काम संपलं नाही, वर्षानं त्याला गाठून विचारा, बरा झालास का? नसेल तर का नाही? १९११ ते १९१६ मध्ये त्यांच्या स्वतःच्या छोट्या दवाखान्यातून ३३७ रोगी घरी गेले आणि कॉडमननी १२३ चुका स्वतः होऊन नोंदवून छापल्या. बाकीच्या डॉक्टरांना हे अजिबात रुचलं नाही. त्यांचं कुणी अनुकरण केलं नाही, त्यांना बाजूला टाकलं.

हे झालं रोग्याच्या वहीचं. आता नर्सबाईची.

हिची सुरुवातही नाइटिंगेलनंच केली होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. ज्या पुस्तकात तो शेकडा नव्वदचा गोंधळ आहे, त्याच पुस्तकात लंडनच्या दवाखान्यांतल्या नर्स किती मरतात, त्यातल्या किती रोग्यांकडून लागण होऊन मरतात, याचाही तक्ता आहे. दवाखान्यानं नर्सांच्या आजारपणाची नोंद ठेवली पाहिजे असं तिचं म्हणणं होतं. डॉक्टर रोग्यांच्या तक्त्यावर भांडले. नर्सांच्या तक्त्यावर कुणी भांडलंसुद्धा नाही, आणि माझ्या मते ते जास्त वाईट. स्वतः नाइटिंगेल क्रिमियात तापानं मरता मरता वाचली, १८५७ नंतर तर बरीच वर्षं अंथरुणावरून काम करत राहिली. ती गेली १९१० साली, वयाच्या नव्वदीत.

पुढं जवळजवळ शंभर वर्षं नर्स म्हणजे त्याग, सेवा, पांढरा पोशाख, एवढंच. थकणं हा तिचा कमकुवतपणा. मग १९६० च्या सुमारास इझाबेल मेन्झीस नावाच्या बाईंना लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयानं बोलावलं. अडचण अशी होती की शिकाऊ नर्सांतल्या जवळपास एक तृतीयांश शिक्षण पुरं न करताच जात होत्या, आणि बहुतेक जणी स्वतःहून सोडत होत्या. मेन्झीसबाई मनोविश्लेषणाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी वॉर्डात बसून बघितलं.

त्यांना काय दिसलं? मरण, वेदना, नातेवाइकांचा आक्रोश, हे रोज बघणाऱ्या वीस वर्षांच्या पोरीला फार भीती वाटते. त्या भीतीबद्दल बोलायला जागा नाही. म्हणून सगळ्या दवाखान्यानंच काम असं बेतलं होतं की नर्सचा आणि रोग्याचा जीव एकमेकांत अडकूच नये. एका नर्सनं एक रोगी पूर्ण बघायचा नाही, तिनं सगळ्यांचे ताप मोजायचे, दुसरीनं सगळ्यांची भांडी उचलायची. रोग्याचं नाव घ्यायचं नाही, अमक्या खाटेवरचं यकृत, तमक्या खाटेवरची छाती, असं म्हणायचं. जरा ओळख झाली की वॉर्ड बदलायचा. ठरलेलं काम ठरलेल्या वेळी झालंच पाहिजे. इतकं की शांत झोपलेल्या रोग्याला हलवून उठवायचं आणि झोपेचं औषध द्यायचं!

हसू येतं ना? पण मेन्झीसबाईंचं म्हणणं हसण्यासारखं नव्हतं. काळजी वाटू नये म्हणून केलेल्या या व्यवस्थेनं काळजी कमी झालीच नाही. उलट रोगी बरा होताना बघायचा आनंद तेवढा गेला. ज्या पोरींना मनापासून रोग्याचं करायचं होतं, त्या आधी सोडून गेल्या. रुग्णालयानं मात्र या म्हणण्यावर फारसं काही केलं नाही.

‘बर्नआउट’ हा शब्द आला १९७४ साली. हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर हे न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ दिवसा आपला व्यवसाय करून रात्री गरिबांच्या मोफत दवाखान्यात जात. तिथले स्वयंसेवक काही महिन्यांत चिडचिडे, कोरडे, गळून गेलेले व्हायचे, आणि तेच त्यांचं स्वतःचंही झालं. पातेल्यातलं पाणी आटलं आणि खाली जाळ तसाच राहिला की पातेलं करपतं, तसं माणूस करपतं. आपल्याकडं बाया म्हणतात, ‘जीव मेटाकुटीला आला’, ‘कावून गेले’. आणि लक्षात घ्या, करपतं ते कामचुकार माणूस नाही. जो जाळ लावून काम करतो तोच करपतो.

१९८१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या क्रिस्टीना मॅस्लॅक आणि त्यांच्या सहकारी सुझन जॅक्सन यांनी हे मोजायला २२ प्रश्नांची यादी केली. प्रश्न तीन तऱ्हेचे. काम करून किती गळून जातेस? समोरच्या माणसाबद्दल मन कोरडं पडलंय का? आपल्या हातून काही चांगलं होतंय असं वाटतं का? उत्तर ‘कधीच नाही’पासून ‘रोज’पर्यंत. यातला मधला प्रश्न मला सगळ्यात धारदार वाटतो. थकलेली बाई झोप मिळाली की उभी राहते. पण रोग्याकडं बघून काहीच वाटेनासं झालं, तर तिथं झोपेचा उपाय चालत नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही बर्नआउटची नोंद घेतली. आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्यानं होणारी गोष्ट म्हणून. म्हणजे दोष बाईच्या स्वभावात शोधायचा नाही, कामाच्या मांडणीत शोधायचा.

दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या त्या २००२ साली. लिंडा एकन या स्वतः नर्स होत्या. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं, दहा हजारांवर नर्स आणि शस्त्रक्रिया झालेले दोन लाख बत्तीस हजारांवर रोगी, एवढ्यांचे आकडे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासले. निघालं असं: एका नर्सच्या वाट्याला एक रोगी जास्त आला की तीस दिवसांत रोगी दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्स करपण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. इथं पुन्हा खालचा आकडा सांभाळा बरं का. शंभरातले सात जास्त मरतात असं नाही. तिथं शंभरात साधारण दोन रोगी दगावत होते, त्या दोनावर सात टक्के. ऐकायला थोडं. पण एका नर्सकडं चाराऐवजी आठ रोगी दिले, आणि असं हजारो खाटांवर झालं, तर किती घरं ते मोजा.

कॅलिफोर्निया राज्यानं यावर कायदाच केला. १९९९ मध्ये मंजूर झाला, २००४ पासून लागू झाला. साध्या वॉर्डात एका नर्सकडं सहापेक्षा जास्त रोगी नकोत, आणि पुढच्या वर्षापासून पाचपेक्षा जास्त नकोत. नर्सांच्या संघटनेनं यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला होता. आकडे हातात होते म्हणून लढ्याला जोर होता, आणि लढा होता म्हणून आकड्यांना कुणीतरी विचारलं.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ ते १९९८ मध्ये ३९ गावांत काम केलं. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळ जन्मलं की घरी जायचं, वजन करायचं, ऊब द्यायची, दूध ओढतंय का बघायचं, जंतुलागण ओळखायची, उपचार करायचा. हजारी बाळांमागे पहिल्या महिन्यात ६२ दगावत होती, ती संख्या पंचवीसच्या आसपास आली. जगभर या कामाचं नाव झालं आणि २०११ पासून देशभर आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळ बघायला लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात, ४२ दिवसांपर्यंत. या सगळ्या भेटींचे मिळून मोबदला ठरला २५० रुपये.

इथं मला एक गोष्ट खटकते. गडचिरोलीतल्या आरोग्यदूताकडं साधारण हजाराची वस्ती होती, आशाताईकडंही हजाराची. कागदावर दोघी सारख्या. पण आरोग्यदूताकडं मोजकी कामं होती आणि पाठीशी नियमित येणारी शिकवणारी माणसं होती. आशाताईकडं गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, कुष्ठरोग्यांचा शोध, तापाचे रक्तनमुने, बीपी-शुगरचे फॉर्म, आयुष्मान कार्ड, वर जो नवा सर्व्हे निघेल तो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आलं तेव्हा घरोघरी ताप आणि ऑक्सिजन तपासत कोण फिरलं ते आपण बघितलंय. २०२१ च्या जूनमध्ये राज्यातल्या आशाताई संपावर गेल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव झाला याचा आनंदच आहे. पण तिच्या वहीत बाळाचं वजन लिहायला रकाना आहे, तिला रात्री कितीदा उठावं लागलं याला नाही.

आमच्या ग्रामसंघानं गेल्या पावसाळ्यात एक साधी गोष्ट केली. आमच्या आशाताईला विचारून, तिच्या मर्जीनं, एक शंभर पानी वही घेतली. चार रकाने आखले. आज किती घरं, किती फॉर्म, रात्री उठावं लागलं का, आणि आज काही बरं झालं असं वाटलं का. पहिला आठवडा वही कोरी. ती म्हणाली, ‘ताई, हे आणखी एक रजिस्टर कशाला देता?’ खरंच होतं. मग तिची दहावीतली लेक रोज रात्री तिला विचारून लिहायला लागली. तिचं नाव कुठं पुढं करायचं नाही आणि ही वही तिचं काम तपासायला वापरायची नाही, हे आम्ही आधीच ठरावात लिहिलं होतं. अशी वही उद्या तिच्यावरच उलटू शकते, म्हणून हे लिहून घेणं गरजेचं होतं.

महिन्याच्या शेवटी दोन गोष्टी दिसल्या. एकाच बाईची तीच माहिती, नाव, वय, आधार, मोबाइल नंबर, ती पाच वेगवेगळ्या ठिकाणी लिहीत होती. आणि महिन्यात सहा वेळा ती रात्री बाळंतिणीबरोबर गेली होती, त्यातल्या चार वेळा परत येताना एकटी. चौथ्या रकान्यात मात्र बऱ्याच दिवशी ‘हो’ होतं. कुणाचं तरी बाळ वजनात भरलं होतं, कुणाची खोकल्याची गोळी पुरी झाली होती. तेवढ्यावर ती चाललेली आहे.

गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत आम्ही ही वही ठेवली. रात्रीचं आम्हीच मिटवलं. पाच गटांच्या बायकांनी पाळी लावली आहे, बाळंतपणाला रात्री जायचं झालं तर आशाताईबरोबर गटातली एक जण जाते आणि एकमेकींबरोबर परत येतात. पाच ठिकाणच्या त्याच त्या माहितीचा अर्ज तालुक्याला दिला आहे. पोच मिळाली, उत्तर आलेलं नाही. या महिन्याच्या बैठकीत स्मरणपत्र लिहायचं ठरलंय. तुमच्या गावात कुणी अशी वही आखली असेल तर तुमचे रकाने केंद्रावर कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.